अक्कांचा शब्द

"अक्का, आज काय म्हणताय?" विश्वेश्वरने दारातूनच विचारलं. तो बनशंकरीच्या बास्केटबॉल क्लबचा सेक्रेटरी. त्याच्या मागोमाग रणजीत आणि तनय चपला काढून आत आले आणि न सांगताच सोफ्यावर बसले.

कृष्णाबाई हॉलमध्ये खाली बसून भिजवलेल्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांची सालं चिमटून काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बनशंकरीच्या मुली आणि इंदिरानगरच्या मुली यांची बास्केटबॉलची प्लेऑफ मालिका दोन-दोन अशी येऊन अडली होती. पाचवा सामना आज संध्याकाळी होता. आधीच्या चारही सामन्यांच्या सकाळी कृष्णाबाईंनी जे सांगितलं, तेच झालं होतं. पहिल्या वेळी सगळे म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. चौथ्यानंतर तसं म्हणायची कुणाची छाती होईना. आता अक्कांचा शब्द घेतल्याशिवाय क्लबातल्या कुणाला कॉफी गोड लागत नव्हती.

"माझं प्रेडिक्शन, आपण सहा पॉइंटनी," तनय म्हणाला. मूळचा पुण्याचा. आज व्हाइटफील्डच्या ऑफिसातून त्याने खास सुट्टी घेतली होती. "फक्त हर्षिता खेळली पाहिजे. ती नसेल तर आपण हरतो, क्लिअर आहे."

"सहा कसले? दहा!" रणजीत म्हणाला. "त्यांची ती उंच पोरगी हर्षितालाच तर घाबरते."

हर्षिता म्हणजे कृष्णाबाईंची मुलगी. ती वरच्या खोलीत गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून पडली होती. चौथ्या सामन्यात तिचा गुडघा मुरगळला होता. डॉक्टरांनी एमआरआय बघून स्पष्ट सांगितलं होतं, आणखी एकदा मुरगळला तर लिगामेंट तुटेल, मग खेळणं विसरा. या तिघांना ते माहीत होतं. क्लबच्या ग्रुपवर सगळ्यांनाच माहीत होतं.

"अक्का, स्वल्प ऐका," विश्वेश्वर म्हणाला. "गुडघ्याची काळजी नको. एक इंजेक्शन दिलं की सामना संपेपर्यंत काही कळत नाही. माणूस बोलावून ठेवलाय. आणि मुलगी तयार आहे."

तयार होती म्हणे! काल आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती म्हणाली होती, "आई, नाही कसं म्हणू? घाबरली म्हणतील. ऐन वेळी पळाली म्हणतील."

कृष्णाबाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. काय ही माणसं! उचलली जीभ लावली टाळ्याला. तिघांपैकी एकाला धाप न लागता दोन मजले चढता आले असते तर शपथ. आणि वाद कसला, तर सहा की दहा. दुसऱ्याच्या पोरीच्या गुडघ्यावर उदार व्हायला यांचं काय जातं? आल्यापासून, आज कसं आहे तिला, एवढंही कुणी विचारलं नव्हतं.

"आम्ही आमचं सांगितलं, आता तुम्ही बोला," रणजीतने हात जोडले. "तुमच्या तोंडून 'जिंकणार' एवढं ऐकलं की निघालो."

कृष्णाबाईंनी दाणा जरा जोरातच चिमटला. तो सालातून निसटून तनयच्या पायावर आदळला.

"हर्षिता खेळली तर हरणार," त्या म्हणाल्या.

रणजीतचे जोडलेले हात खाली आले.

"खेळली तर हरणार, बसली तर जिंकणार. मला दिसलं ते सांगितलं. सरी? ठीक आहे?"

"पण अक्का, सगळी स्टॅटिस्टिक्स..." तनय म्हणायला लागला.

"ती तुझी स्टॅटिस्टिक्स ठेव रे बाजूला!" विश्वेश्वर खेकसला. त्याने फोन कानाला लावलाही होता. "हॅलो, कोच? हर्षिताला बसवायचं. नाही, नाही, इंजेक्शन-बिंजेक्शन काही नको. उगाच रिस्क कशाला घ्यायची?"

आले तसे तिघे घाईघाईने निघून गेले.

मग हर्षिता खाली आली. एरवी ती दोन-दोन पायऱ्या गाळत उतरायची. सामन्याच्या सकाळी जिन्यावरची तिची पावलं ऐकूनच कृष्णाबाई सांगायच्या, जिंकणार की हरणार. त्यात भविष्य कसलं आलंय! आज ती कठडा धरून, एकेका पायरीवर बसत, लहानपणी उतरायची तशी उतरली आणि शेवटच्या पायरीवरच बसून राहिली.

"आई, खरंच दिसलं तुला?"

"मला चष्म्याशिवाय कढईचा तळ दिसत नाही."

"आणि हरल्या तर?"

"हरू देत. मला शिव्या घालतील. शिव्यांनी गुडघा मोडत नाही."

हर्षिता हसली आणि हसता हसताच तिने ओढणीने डोळे पुसले. हातातला फोन सारखा वाजत होता.

"सगळ्यांनी लिहिलंय," ती वाचत म्हणाली. "हर्षिता, प्लीज खेळू नकोस. टीमसाठी एवढं कर."

"गुडघ्याचं विचारलं का कुणी?"

तिने बोटाने खाली-वर करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"रणजीतदादाने एक विचारलंय."

कृष्णाबाईंचा हात थांबला. "काय?"

"मी बेंचवर कितव्या खुर्चीत बसायचं? तुला विचारून सांग म्हणतोय."

कृष्णाबाईंनी सालांचं ताट बाजूला सारलं. पुढे होऊन त्यांनी तो सुजलेला पाय आपल्या मांडीवर घेतला.

"त्याला कळव," त्या म्हणाल्या, "जिन्याच्या शेवटच्या पायरीवर."