आभाळआजोबांची साखर

फेनयूच्या दोन्ही गालांना साखर फासलेली होती, खलबत्त्यात आणखी तेवढीच होती, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई मागच्या दाराने आत आल्या.

सिउलान कालवं फोडायला निघाल्या होत्या. डोक्यावर बांबूची टोपी, नाकातोंडावरून फुलाफुलांचं फडकं, उघडे काय ते डोळे. त्या डोळ्यांनी आधी सुनेचं तोंड पाहिलं, मग खलबत्ता, मग ओट्यावरचा, साखर साच्यात ओतून केलेला मजल्यामजल्यांचा मनोरा. पहाटेच्या वर्षपूजेत तो आभाळाच्या देवापुढे, म्हणजे आभाळआजोबांपुढे, दिमाखात उभा होता. आता त्याचा नुसता बुंधा शिल्लक होता.

"हे काय चाललंय, सूनबाई?"

"चेहऱ्याला चोळायला केलंय, आई. साखर बारीक कुटायची, चाळायची, चहाच्या बियांचं तेल घालायचं. कातडी मऊ होते."

"साखर कुणाची?"

साखर कुणाची हे तोंडाला फासण्याआधी आठवायला हवं होतं. पण पूजा आटोपली होती. सासऱ्यांना गोड वर्ज्य, नवरा गोडाला शिवत नाही, आणि गेल्या वर्षीचा मनोरा मुंग्यांनी खाल्ला म्हणून सासूबाईच हळहळत होत्या. वाया जाण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं होतं.

"देवाचा प्रसाद पोटात जातो," सिउलान म्हणाल्या. "तू मोरीत सोडायला निघालीस."

ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. आभाळआजोबांची पूजा त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती, थोरल्या सुनेच्याही नाही. यंदा पहिल्यांदा फेनयूला म्हणाल्या होत्या, "मांड तू." तिने जीव ओतून मांडली होती. आणि सकाळचा चहा व्हायच्या आत सगळ्यावर पाणी फिरवून बसली होती.

"धुऊन टाकते लगेच."

"खबरदार! एक कण मोरीत गेला तर बघ. चल देवापुढे. कौल लाव. ते हो म्हणाले तर माझी ना नाही. नको म्हणाले, तर पुढच्या वर्षीपासून पूजेला हात लावायचा नाहीस."

फेनयू तशीच साखरेच्या तोंडाने देवापुढे गुडघ्यावर बसली. कौलाचे दोन लाकडी तुकडे तिने ओंजळीत धरले. एक पालथा, एक उताणा पडला की होकार. दोन्ही पालथे पडले की नकार. तिने डोळे मिटले आणि हात सोडले.

दोन्ही उताणे पडले. ना होकार, ना नकार.

"हसले," सिउलान म्हणाल्या. "हसतील नाहीतर काय? आरशात बघितलंस का स्वतःला? अगं, नीट विचार. नाव सांग, पत्ता सांग. त्यांना काय तुझं एकटीचंच घर आहे?"

फेनयूने नाव सांगितलं, गल्ली सांगितली, घराचा नंबर सांगितला. चूक कबूल केली. ही साखर चेहऱ्याला चालेल का, असं स्पष्ट विचारलं. तुकडे पुन्हा उताणे. देव पुन्हा हसला. तेलाचा ओघळ तिच्या हनुवटीवरून गळ्यात उतरला आणि तिचे डोळे भरून आले.

"राहू दे, आई. मी नाही करणार पुन्हा कधी."

"सरक बाजूला."

सिउलान गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. टोपी काढून ठेवली, फडकंही सोडलं. देवाशी तोंड झाकून बोलायचं नसतं. भर उजेडात तो चेहरा फेनयूने क्वचितच पाहिला होता. थंडीतल्या खाऱ्या वाऱ्याने गाल काळवंडून खरखरीत झाले होते. सिउलान बराच वेळ पुटपुटल्या. सूर काही विनवणीचा वाटेना. मग तुकडे सोडले.

एक पालथा, एक उताणा.

त्यांनी कपाळ टेकलं, उठल्या, स्वयंपाकघरात जाऊन स्टूल ओढलं आणि त्यावर बसून मान वर केली.

"लाव."

"तुम्हाला?"

"मग काय शेजारणीला? उरलीय ना?"

फेनयूने बोटांनी साखर घेतली आणि हलक्या हाताने त्यांच्या गालावर फिरवायला लागली. सिउलानना ते काही पसंत पडेना. त्या स्वतःच तळव्याने खसाखसा घासायला गेल्या.

"आई, शिंपले नाहीत ते! बोटांच्या टोकांनी. हळू."

"तुझ्या बोटांत जीवच नाही," त्या म्हणाल्या, पण हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

दोघींनी तोंडं परातीवर धुतली. परात सिउलाननी स्वतः उचलली आणि सगळं पाणी मागच्या पेरूच्या बुंध्याशी ओतलं. एक थेंब इकडेतिकडे सांडू दिला नाही. फेनयू त्यांच्याकडे बघतच राहिली. या बाईसारखं आपल्याला कधी जमेल का, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"आई, तुम्ही काय विचारलंत त्यांना?"

"विचारतेय कशाला? सांगितलं. म्हटलं, लग्न होऊन आले तेव्हापासून दरसाल तुम्हाला गोड खाऊ घालतेय. आणि तुमच्या वाऱ्याने माझ्या तोंडाचं काय करून ठेवलंय ते बघा जरा."

फेनयूला हसू आवरेना. सिउलाननी एका गालाला बोट लावून पाहिलं, मग दुसऱ्या. टोपी घातली, फडकं बांधलं, कालवं फोडायची सुरी उचलली. दारात पोचल्यावर न वळताच म्हणाल्या,

"पुढच्या वर्षी साखरवाल्याकडे मनोरा सांगायला तूच जा. आणि एक मजला चढवून सांग."