धाकूचा खरा वाढदिवस

शाळेत घालताना गुरुजींनी धाकूची जन्मतारीख अंदाजाने एक जून टाकली. अर्धं पेडणं गाव त्याच दिवशी जन्मलेलं! खरी तारीख आईलाही आठवत नव्हती.

आज सकाळी, रोज पान फाडायच्या कॅलेंडरवर, दिनविशेषात छापलेलं : '१९५७ : धाकू पालयेकर यांचा जन्म.'

"पळय गो, हे बघ, सापडली!" म्हातारा नाचलाच. त्याला डायबेटिस, म्हणून बायकोने, चंद्रावतीने, चमचाभरच साखर घालून शिरा केला. "आता माझी पण बघा."

धाकू पुढची पानं चाळू लागला आणि खो-खो हसला. "उद्या परत माझंच नाव! माणूस दोनदा जन्मतो काय गो?"

नावापुढचं न वाचताच तो शेजारी सांगायला धावला.

चंद्रावतीने ती ओळ शेवटपर्यंत वाचली आणि साखरेचा अख्खा डबा शिऱ्यात ओतला.