सत्काराच्या दिवशीचं काम

मुरबाडच्या त्या शेडमध्ये सकाळपासून टॉर्च जोडायचं काम जोरात चाललं होतं. नळी, काच, झाकण, स्क्रू. आत दिवा मात्र नव्हता. दिवा चीनमधून यायचा, आणि चीनचा माल सरकारनं बंद केला होता.

"हात चालू ठेवा गो," सुपरवायझर मुकेश म्हणाला. "भाऊंना शेड चालू दिसली पायजे."

भाऊ म्हणजे तालुक्याचे पुढारी. बंदी त्यांनीच आणली, निदान नाक्यावरच्या फलकावर तरी तसं लिहिलं होतं. निवडणूक तोंडावर आली होती. बंदरात अडकलेले आपले दिव्यांचे खोके भाऊंच्या शब्दानं सुटतील, या आशेनं शेठनं त्यांचा सत्कार ठेवला होता. अडला हरी, दुसरं काय.

प्रेमानं झाकण फिरवलं. बंदीच्या मोर्चाला तीही गेली होती. शेठनंच टेम्पो दिला होता, वर दिवसाची हजेरीही. 'चिनी माल बंद करा' म्हणून ती घसा बसेपर्यंत ओरडली होती. चिनी माल म्हणजे म्हशाच्या जत्रेतली खेळणी, असंच तिला वाटलं होतं. रोज आपल्या हातानं बसवतो तो दिवाही त्यातलाच, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. शेठच्या तरी कुठं आलं होतं?

"शेड बंद झाली तं परत वीटभट्टी," शेजारची गोजाबाई पुटपुटली.

प्रेमानं पुढची नळी उचलली. भट्टीवर जायचं तर बिऱ्हाड उचलून जायचं. तिची संध्या सातवीत होती. एकदा शाळा सुटली की सुटलीच.

भाऊ आले. बाया उठून उभ्या राहिल्या. हार पडले. फोटोसाठी एक टॉर्च उंच धरून त्यांनी बटण दाबलं. तो लागला नाही.

"सेल घातले नाहीत वाटतं," भाऊ हसले.

"दिवाच नाय त्यात," प्रेमा बोलून गेली. "तो चीनवरून येतो, भाऊ. आमचं काम कवा चालू व्हईल?"

शेठ छताकडे बघू लागला. भाऊंनी हात जोडले. "ताई, आता दिवासुद्धा आपल्याच देशात बनणार."

"कवा?"

"बनणार," भाऊ म्हणाले, आणि मागच्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर पुन्हा काय विचारणार? ती खाली बसली.

गाड्या गेल्या. प्रेमानं डबा पिशवीत टाकला.

"थांबा, थांबा," मुकेश म्हणाला. "उद्या भाऊ पेपरवाल्यांना धाडतायत. चिनी मालावाचून कारखाना कसा जोरात चाललाय, ते छापायला." त्यानं जोडलेल्या टॉर्चांचा खोका तिच्यासमोर उपडा केला. "हे सगळे खोलून ठेवा. उद्या परत जोडायचे."

"हजेरी लागंल ना?"

"लागंल."

प्रेमानं पिशवी खाली ठेवली आणि सकाळी घट्ट बसवलेले स्क्रू उलटे फिरवायला घेतले.