बँडेजचे साक्षीदार

मार्लन प्राइसच्या उजव्या मुठीवर बँडेजचा तिसरा वेढा बसला, तेव्हा त्याचा चेहरा हलला नाही. हलला तो पाय. बुटाचं टोक एकदाच जमिनीवर दाबलं गेलं. समोर बसलेल्या विल्फ ब्लँचर्डने ते पाहिलं.

विल्फ तिथे नियमाप्रमाणे बसला होता. लढतीआधी प्रत्येक बाजूचा एक माणूस दुसऱ्याच्या खोलीत जातो. बँडेजच्या आत कडक, जड असं काही घातलं जात नाही ना, हे पाहतो आणि शेवटच्या चिकटपट्टीवर सही करतो. विल्फ आव्हानवीराचा बाप. मुलगा कीरन पॅसेजच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत होता. थोड्या वेळात तो मार्लनशी बॉक्सिंगच्या वेल्टरवेट वजनगटाच्या ब्रिटिश अजिंक्यपदासाठी लढणार होता. दोन वर्षांपूर्वी मार्लननेच त्याला अर्ध्या गुणाने हरवलं होतं. कीरन आता बत्तीसचा झाला होता. तिसरी संधी त्याला कोणी देणार नव्हतं.

"काय काका, सापडली का घोड्याची नाल?" मार्लनने विचारलं.

"नाल घालून तरी तुझा ठोसा लागतोय का बघ."

मार्लनची शेफील्डची मंडळी हसली. "तुमच्या ग्रिम्सबीच्या माणसांच्या अंगाला माशाचा वास येतो म्हणतात," मार्लन म्हणाला. "आज खात्री पटली."

"जन्मभर मासे विकलेत बाबा. अत्तराचा कुठून येणार?"

बँडेज बांधणाऱ्याने हात जरा आपल्याकडे वळवून घेतला. विल्फ उठला. जवळून पाहायचा त्याला हक्क होता. मधल्या बोटाच्या मुळाशी सूज होती, जांभळट, लिंबाएवढी. मार्लनने मान वर केली. आता तो थट्टा करत नव्हता.

विल्फने सही केली. बँडेजमध्ये वरून काही घातलेलं नाही, एवढाच त्या सहीचा अर्थ होता. हातातलं काय मोडलंय, हे सांगायला तो बांधील नव्हता. निदान या खोलीत तरी.

पॅसेजमध्ये येताच तो मनाशी वाक्य जुळवू लागला. त्याच्या उजव्याला भिऊ नकोस, तो मारणारच नाही. सरळ आत घूस. एवढं पुरे होतं. वरून प्रेक्षकांच्या गाण्याचा आवाज येत होता. विल्फला वाटलं, आपण अजिंक्यपदाचा पट्टा हातात घेऊनच चाललोय.

समोरून डेझमंड आला. तो मार्लनच्या कोपऱ्यातला जुना माणूस, जखमा बांधणारा. कीरनच्या बँडेजवर सही करून तो परत निघाला होता. विल्फची नि त्याची वीस वर्षांची ओळख, तीही भांडणाचीच.

"झालं का रे समाधान?" विल्फने विचारलं.

डेझमंड थांबला. "पोराला डाव्या डोळ्याने दिसत नाही तुझ्या."

"काहीतरीच."

"त्याच्या डाव्या अंगाला बसलो होतो. पाण्याची बाटली कलंडली, त्याच्या गुडघ्यापाशी. त्याने अख्खी मान फिरवली, तेव्हा कुठे त्याला ती सापडली. अशी मान फिरवणारे मी पाहिलेत, विल्फ."

"कालच डॉक्टरांनी तपासलाय त्याला."

"बॅटरी मारून बघतात रे. पास व्हायचंच ठरवलेला माणूस पास होतो."

विल्फ हसला. "लढतीआधी बापाचं डोकं फिरवायचं. चाल जुनी आहे डेझ, नवी शोध."

"असेल चाल. आमच्या खोलीत मी अजून काही बोललेलो नाही. बोललो की मार्लन त्या डोळ्यावरच मारणार. तो लढायला आलाय."

"कशाने मारणार? त्याचा हात मी पाहिलाय."

"पाहिला असशीलच," डेझमंड म्हणाला. "हात बरा होतो, डोळा होत नाही." आणि तो निघून गेला.

विल्फ चालत राहिला. गेल्या आठवड्यात कीरनने कपाशेजारी चहा ओतला होता. नवऱ्या मुलासारखा थरथरतोस काय, म्हणून विल्फनेच त्याची टर उडवली होती. सरावाच्या ताणाने माणसाचं लक्ष उडतं. आणि डोळा अधू असलाच, तरी डाव्या डोळ्यावर येतो तो समोरच्याचा उजवा हात, आणि तो उजवा आज येणार नव्हता. हे विल्फच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. बरं वाटलं याची मग लाजही वाटली.

वाटेत डॉक्टरांची खोली होती. दार उघडं होतं. डॉक्टर सँडविच खात होते. त्यांनी विल्फला पाहून मान हलवली. विल्फनेही हलवली आणि तो पुढे गेला. डेझमंड चाल खेळत असेल, तर पोराला उजव्याचं सांगायचं. नसेल, तर लढत थांबवायला डॉक्टरांचं दार चार पावलांवर होतं.

कीरन बाकावर ताठ बसला होता, नजर समोर. बॅरी, त्याचा ट्रेनर, उजव्या बाजूला वाकून ग्लोव्हची नाडी आवळत होता. वरच्या गाण्यात विल्फच्या पावलांचा आवाज बुडाला. दार कीरनच्या डावीकडे होतं. विल्फ आत आला, मुलाच्या खांद्याशी पोचला. हात लांबवला असता तर खांद्यावर टेकला असता. तयार केलेलं वाक्य त्याच्या ओठांवर होतं.

बॅरीने वर पाहिलं. विल्फला पाहून त्याची बोटं नाडीवर थांबली आणि त्याने नजर खाली वळवली.

"बॅरी," कीरन म्हणाला, "आमचे बाबा कुठे राहिले रे? अजून कसे आले नाहीत?"