बेसूर पंखा
उद्या वसंतोत्सवाच्या मैफलीत बहार राग गायचा होता आणि नव्या श्रवणयंत्रातून आईला तंबोराच ऐकू येत नव्हता. लेकीने तारा पुन्हा जुळवल्या. “तारा ठीक आहेत, आई.” “मग माझेच कान गेले. कळव मैफलवाल्यांना, मी गात नाही.” लेकीने तिला यंत्र बसवणाऱ्या तंत्रज्ञाकडे तंबोऱ्यासकट नेलं. त्याने तंबोरा ऐकला आणि कपाळावर हात मारला. “मावशी, कान शाबूत आहेत. एकसारखा आवाज म्हणजे गोंगाट, असं समजून यंत्र तो दाबून टाकतं. त्याला पंखा आणि तंबोरा सारखेच.” “मेल्याला गुरू भेटला नाही,” आई पुटपुटली. त्याने संगणकावरून यंत्राची ती सोय बंद केली. “आता सगळी घरघर ऐकावी लागेल हं.” लेकीने तार छेडली. आईचे डोळे आपोआप मिटले. “आधी तो बेसूर पंखा बंद करा,” ती म्हणाली, “गायचंय.”