वर्णन कमी पडलं

नंदाखालच्या शाळेत नववीच्या मुलांनी पास्कल रुमाव यांच्या आत्मचरित्राचं रसग्रहण केलं होतं, आणि ते ऐकायला गावातले हे वयोवृद्ध लेखक स्वतः आले होते. एलिनाने भाषेचं, संवादांचं मनापासून कौतुक केलं. मग म्हणाली, "फक्त तुमचा भाऊ मिंगेल बावखलाच्या तळ्यात बुडाला, तो प्रसंग वरवरचा वाटतो. तिथे वर्णन कमी पडलंय, सर."

विनिता मॅडमनी डोळे वटारले. पास्कलसरांचा चेहरा उतरला. आजवर त्यांच्या लिखाणाला गावात कुणी नावं ठेवली नव्हती. त्यांनी माईक ओढून घेतला.

"वर्णन हवंय? मग ऐक. पाण्यावर हिरवं शेवाळ होतं. मिंगेलने काठावरच्या केळीचं पान धरलं, ते फाटून त्याच्या हातात आलं. तेव्हा त्याने वर पाहिलं. म्हणाला, 'दादा, मस्करी पुरे आता.' मग नुसते बुडबुडे आले."

मॅडमनी डोळे पुसले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एलिनाही भारावली होती, पण तिची एक शंका राहिलीच.

"सर, पुस्तकात तर तुम्ही त्या दिवशी मुंबईत होतात ना?"

टाळ्यांच्या आवाजात ते फक्त पास्कलसरांना ऐकू गेलं. त्यांनी माईक बंद केला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.



"हुशार आहेस गं पोरी. शाळेतून घरी एकटीच जातेस का?"