केसरीनाथांची पाच पुस्तकं

"चुलीकडं येव नको रं बाला, बोटां भाजशील. तुजं डोलं आता तितंच हायेत."

डोळे गेलेल्या धाकट्या भावाला जपणाऱ्या आक्काचा, मोठ्या बहिणीचा हा आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा. खारबावच्या घरातला, धुरानं जड झालेला. केसरीनाथांना तो आज भर कार्यक्रमात ऐकू आला. त्यांनी मांडीवरच्या ब्रेल पुस्तकावर बोट आणखी दाबलं. काही लागलं नाही. मोहरी पेरावी तसे कागदावर उठलेले ते ठिपके. त्यांच्यावरून बोट फिरलं की माणसं बोलायची, वारं सुटायचं, खून पडायचे. आता तिथं नुसता बधिर थंडावा. साखरेनं नसा गेल्या, परत यायच्या नाहीत, असं डॉक्टर म्हणाले त्याला सात महिने झाले. केसरीनाथांनी ते घरीदारी कुणालाच सांगितलं नव्हतं.

भिवंडीतल्या या वाचनालयात दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, गल्लीतले यंत्रमाग बंद असताना, ते पाच पुस्तकं सुचवत. स्वतः बोटांनी वाचलेली. समोरच्याच्या आवाजावरून माणूस ओळखत आणि त्याला नेमकं त्याचं पुस्तक सांगत. सात महिने ते जुन्या आठवणींवर निभावत होते. आणि सात महिने भीत होते. हे गेलं तर मागं काय उरणार? ज्याला रस्ता ओलांडून द्यावा लागतो असा एक आंधळा म्हातारा.

"काका, मागच्या खेपेचं भुताचं पुस्तक लय भारी!" कशेळीच्या गोदामावर पहारा करणारा दीपेश मागच्या रांगेतून ओरडला. "आता नाईट शिफ्टला मुतायला जायचं तर दोघांना उठवतो मी." सगळे हसले. "पन काका, ते तर माझ्या बापानं पन वाचलेलं. हल्ली समदं जुनंच सांगता. नवीन काय न्हाय का?"

केसरीनाथ घाईनं म्हणाले, "भूत जुनंच बरं रे. मुरलेलं असतं."

पुन्हा हशा. वाचलो, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी भराभर सांगायला घेतलं. खून कुणी केला ते पाचव्या पानावरच कळतं, पण का केला ते शेवटपर्यंत कळत नाही, अशी एक रहस्यकथा. डोंगरांतून पायी टपाल वाटणाऱ्याचं एक प्रवासवर्णन, ज्याचा शहरात जीव घुसमटतो त्याच्यासाठी. मासळीच्या कालवणांचं एक पुस्तक, उपाशीपोटी वाचू नये असं. एका सुईणीचं आत्मचरित्र, ज्याच्या घरात बाळ येणार आहे त्यानं आधी वाचावं असं.

"काका," ग्रंथपाल विनिता हळूच म्हणाली, "नव्या ब्रेल खंडांची पेटी दोन महिने तशीच बंद आहे. पाचवं त्यातलं उघडू या का?"

"पुढच्या महिन्यात."

"मागच्या महिन्यातही हेच म्हणालात."

उत्तर द्यावं लागलं नाही. शेलार गावाहून आलेली एक बाई मुलीचा हात धरून पुढं आली होती.

"दादा, मी रूपा. ही माझी मेघाली. चोवीस वर्सांची हाय. तापात डोळे गेले, वर्स झालं. कशाला हात लावत न्हाय. म्हणते, मोबाईल वाचून दाखवतो की. हिला एकदा दाखवा, बोटानं कसं वाचतात ते."

"आई, तमाशा नको गं करू," मुलगी म्हणाली. पण ती शेजारच्या खुर्चीवर बसली.

केसरीनाथांच्या मांडीवर बायकांच्या गाण्यांचा जाडजूड खंड होता, त्यांना तोंडपाठ असलेला. तेच पाचवं पुस्तक. त्यांनी तो अंदाजानं उघडला. बोट डावीकडून उजवीकडे नेलं, खाली उतरवलं, पुन्हा डावीकडे आणलं. अगदी पूर्वीसारखं. आणि गळा लावला:

"खाडीच्या पाण्यात गं, चांदणं सांडलं,
ओंजळीत घेऊ जाता, पाणीच राहिलं."

कुणाला शंका आली नव्हती.

"थांबा," मेघाली म्हणाली. "मी बघते."

तिचं बोट त्यांच्या बोटाशेजारी येऊन टेकलं. केसरीनाथांनी आपलं बोट जागीच थांबवलं. पण तिला अक्षरं कुठं येत होती! तेवढ्या आधारावर ते म्हणाले, "मोहरी पेरल्यासारखं लागेल बघ."

तिचं बोट वरून खाली गेलं. कडेपर्यंत गेलं, परत आलं. दुसरं बोट आलं. मग सगळा तळवा.

"मला काहीच लागत नाही."

"पहिल्यांदा असंच..." त्यांनी म्हणायला घेतलं.

"नाही लागत." तिनं हात ओढून घेतला. "आई, चल. माझी बोटं पण मेली."

खुर्ची सरकली. रूपा काहीतरी पुटपुटली. पावलं दाराकडं निघाली.

चोवीस वर्षांचं बोट. त्याला काहीच लागू नये? केसरीनाथांनी दोन्ही हातांनी खंड उचलला आणि पान ओठांवर धरलं. ओठ अजून जिवंत होते. या कडेपासून त्या कडेपर्यंत त्यांनी पान ओठांवरून फिरवलं. गुळगुळीत. एकही दाणा नाही. खंडाच्या शेवटी शिल्लक राहिलेल्या कोऱ्या पानांतलं एक त्यांच्या हातात उघडलं होतं.

पुस्तक मिटलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. दाराची कडी वाजली.

"मेघाली, मागं फिर!" त्यांचा आवाज फाटला. शहरात कमावलेली बोली गळून पडली. "तुजं बोट शाबूत हाय पोरी. पान कोरं हाय. सात महिनं झालं, मलाच काय लागत न्हाय."